मीटिंग कुठे भरते?

‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.’ एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, लोकलच्या डब्यात ही ओळ वर्षानुवर्षं चिकटलेली आहे. खाली एक मोबाइल नंबर असतो. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पिण्याने टेकीला आलेली बाई तो नंबर लावते, एक पुडी मागवते आणि ती भाजीत कालवते. पुडीत काय आहे हे तिला कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध दारू सोडू पाहणाऱ्यांना डॉक्टर देतात, पण ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. कारण ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित माणूस दगावतोही. तसलं काही जेवणातून नकळत पोटात जात असेल तर त्याला उपचार म्हणता येत नाही.

त्याच स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एखाद्या शाळेच्या वर्गात, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी काही माणसं जमत असतात. कधीकाळी सगळेच पिणारे. दारूशिवाय आजचा दिवस कसा काढला ते एकमेकांना सांगतात, चहा घेतात, खुर्च्या-बाकं जागेवर लावून घरी जातात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे त्यांच्या संघटनेचं नाव. बोलताना सगळे ‘एए’ म्हणतात, आणि जमण्याला ‘मीटिंग’. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. या मीटिंगचा पत्ता मात्र त्या गावातल्या एकाही भिंतीवर नसतो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, पण ठासून म्हणायचं आहे. मीटिंगला येणाऱ्याचं नाव गुप्त राहिलंच पाहिजे. मीटिंगचा पत्ता गुप्त राहता कामा नये. आणि तो पत्ता माहीत असण्याची, योग्य वेळी तो सांगण्याची जबाबदारी पिणाऱ्याची नाही, त्याच्या बायकोचीही नाही. ती आपली आहे, जे पीत नाहीत किंवा ज्यांचं पिणं अजून त्यांच्या हातात आहे त्यांची.

एएचा जन्मच मुळी पत्ता शोधण्यातून झाला. 1935 सालचा मे महिना. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेला माणूस एका व्यवहारासाठी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, आणि शनिवारी तो मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटाच उरला. एका बाजूला गजबजलेला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. आत्ता आपण दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर पाय बारकडे वळणार, हे त्याला कळून चुकलं. गेल्या पाच महिन्यांत त्याने कितीतरी पिणाऱ्यांच्या मागे लागून त्यांना सोडायला सांगितलं होतं. त्यांतलं कोणीही सुटलं नव्हतं, पण त्या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता. त्याने यादीतल्या वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना फोन लावला. त्यांच्याकडून काही नावं मिळाली. एकामागून एक फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. बाईंच्या माहितीत एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ, पिण्यापायी त्यांची प्रॅक्टिस बसत चालली होती. दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी संध्याकाळी पाच वाजता, बाईंच्या घरी दोघांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जूनला. तोच दिवस एएचा स्थापनादिन मानतात.

ही गोष्ट एएच्या जुन्या सभासदांना तोंडपाठ असते, आणि सांगताना सगळा भर त्या दोघांच्या भेटीवर असतो. मला त्यातली मधली दोन माणसं फार मोलाची वाटतात. टंक्स दारुडे नव्हते. सायबरलिंगबाईही नव्हत्या. दारू कशी सुटते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते शिकवायलाही घेतलं नाही. एका पिणाऱ्याला दुसऱ्या पिणाऱ्याचा पत्ता दिला, घरातली एक खोली दिली, रविवारची संध्याकाळ दिली. बास. ते दोघे मध्ये नसते तर बिलच्या हाताशी त्या लॉबीत एकच पत्ता उरला असता, बारचा.

आपल्याकडे ही मधली माणसं कुठे आहेत?

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं, ॲक्रनच्या त्या भेटीआधी सोळा वर्षं. त्यातल्या दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या भोवती काय काय आहे ते आठवून पाहा. सिंधूसारखी बायको आहे. रामलालसारखा जिवाभावाचा मित्र आहे. आणि तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आहे. मंडळ म्हणजे ठरलेली जागा, ओळखीचे चेहरे, आणि पाय ठेवल्याबरोबर सामावून घेणारी संगत. पिण्यासाठी एवढी सगळी व्यवस्था उभी आहे. सोडण्यासाठी काय आहे? रामलालचा उपदेश आणि सिंधूचे अश्रू. दोन्हींत खोट काढायला जागा नाही, आणि दोन्ही अपुरे पडतात. रामलाल त्या वाटेने गेलेला नाही. पहाटे हात थरथरायला लागल्यावर माणसाच्या डोक्यात काय चालतं, हे त्याला कोणी सांगितलं तरी कळणार नाही. सुधाकराला गरज होती ती त्याच्याइतकंच बुडून वर आलेल्या एका माणसाची. 1919 साली असा माणूस कुठे भेटेल हे सांगायला त्याच्या जगात कोणीच नव्हतं, त्यामुळे गडकऱ्यांच्या सुधाकराला मरणं भागच होतं. आजच्या सुधाकराला ते भाग नाही. तरीही असंख्य मराठी घरांत तोच प्रयोग चालू आहे: बायको सोसते, थोरले दीर नाहीतर मामा येऊन समजावतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ होते, आठ दिवस बरे जातात. आणि सिंधूच्या सोसण्याचं कौतुक तर शंभर वर्षं आपण करतो आहोत. त्या कौतुकाने एकाही सिंधूला नवऱ्याला न्यायची जागा दाखवलेली नाही.

भारतात एएचं काम 1957 पासून चालू आहे. देशभराचं सेवा कार्यालय मुंबईतच आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण उभं केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. मुक्तांगणचं नाव मराठी माणसाला माहीत आहे याचं मोठं श्रेय अवचटांच्या लिखाणाला जातं. म्हणजे काहीच नाही अशी स्थिती नाही. पण व्यसनमुक्ती केंद्र आणि मीटिंग यांत एक फरक आहे, आणि तो लक्षात न आल्याने कित्येक घरं पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. केंद्रात माणूस महिना-सव्वा महिना राहतो. तिथे दारू नसते, जुने मित्र नसतात, दिवसाचा तास न् तास बांधलेला असतो. मग तो घरी येतो. घरच्यांना वाटतं, झालं, बरा झाला. खरं तर दारूशिवायचं जगणं सुरू होतं ते त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, जेव्हा पायांना सवयीचा रस्ता आठवतो. त्या सात वाजता जवळपास जाऊन बसायला दुसरी जागा लागते. एएमध्ये नव्या माणसाला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगण्याची रीत आहे. रोज संध्याकाळी कोणी बार्शीहून पुण्याला जाऊ शकत नाही. म्हणून मीटिंग गावात हवी, आणि ती गावात आहे हे गावाला ठाऊक हवं.

बाहेरच्यांनाही बसू देतात अशा एका ‘ओपन’ मीटिंगला मी जाऊन बसले होते. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते. महापालिकेच्या शाळेतला चौथीचा वर्ग. फळ्यावर सकाळचा सुविचार आणि पटसंख्या तशीच होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे आडवे करून बसलेली. कुणी बँकेतून सुटून आलेला, कुणाच्या अंगावर रिक्षाचा खाकी शर्ट, एक गृहस्थ इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. दाराजवळच्या बाकावर एक नवीन माणूस होता. दुपारपासून घेतलेली नाही हे त्याच्या हातांवरूनच दिसत होतं. किटलीतून चहा आला. चहा देणाऱ्याने सगळ्यांचे कागदी कप भरले आणि या नवीन माणसाचा कप अर्धाच भरला. काही बोलला नाही, थांबलाही नाही, पुढच्या बाकाकडे गेला. थरथरत्या हातात भरलेला कप सांडतो आणि सांडला की माणूस उठून निघून जातो, हे त्याला कोणत्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने परत येऊन तो कप पुन्हा अर्धा भरला. पुढे वर्गणीची पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकले. बाहेरच्या कोणाची देणगी घ्यायची नाही हा त्यांचा दंडक आहे.

ही खोली शोधणं किती अवघड असतं ते सांगते. माझ्या ओळखीतल्या एक वहिनी, तालुक्याच्या गावात राहणाऱ्या. नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी यकृताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘दारू बंद करा’ असं सांगितलं. कशी बंद करायची ते सांगितलं नाही. मेडिकलवाल्याने आयुर्वेदिक थेंब काढून दिले. भावकीतल्या एकाने एका महाराजांचा पत्ता दिला. पोलीस चौकीत रात्री भांडणापायी जावं लागलं, तिथे हवालदाराने दम भरला. मुलाच्या शाळेतल्या बाईंना सगळं माहीत होतं, त्या हळहळल्या. एवढ्या दारांवरून त्या गेल्या आणि एकाही दारावर कोणी ‘अहो, आपल्याच गावात मंगळवारी आणि शुक्रवारी मीटिंग असते’ हे वाक्य उच्चारलं नाही. कारण कोणालाच ते ठाऊक नव्हतं. शेवटी ते कळलं एका रिक्षावाल्या दादांकडून. माहेराहून परतताना त्या रिक्षात रडत होत्या, दादांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, “ताई, घरात पिण्याचा त्रास आहे का? मीही त्यातलाच. त्यांना माझा नंबर द्या. मात्र फोन त्यांनी स्वतः करायला पाहिजे.” त्या दिवशी दुसऱ्या रिक्षात बसल्या असत्या तर?

हा योगायोग आपल्या व्यवस्थेचा भाग असल्यासारखा आपण स्वीकारला आहे, याचा मला राग येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या व्यसन उपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. 10 ते 75 या वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले जवळपास 2.9 कोटी लोक तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत, असा तिचा निष्कर्ष. अवलंबून असलेल्या दर 38 माणसांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं तिच्यात दिसतं. उरलेल्या सदतीस जणांपैकी प्रत्येकाच्या भोवती एक डॉक्टर, एक मेडिकलवाला, एक शिक्षिका, एक मुकादम आहे. ही माणसं त्याला रोज पाहतात.

आता एएच्याच लोकांकडून येणारा आक्षेप. त्यांच्या बारा परंपरांपैकी एक सांगते की आपण आपली जाहिरात करत नाही. आमच्याकडे पाहून ज्याला यावंसं वाटेल तो येईल. वर्तमानपत्रांत, रेडिओवर, पडद्यावर सभासदाने आपलं नाव उघड करू नये. ही परंपरा मला मनापासून पटते. एखादा नट किंवा पुढारी ‘मी एएमुळे सुटलो’ असं गाजवत फिरला आणि उद्या पुन्हा प्यायला, तर त्याच्याबरोबर शंभर जणांचा धीर सुटतो. पण या संयमाचा अर्थ काही ठिकाणी इतका ताणला गेला आहे की शाळेच्या फाटकावर साधी पाटी लावायलाही गट बिचकतात. त्यांचा स्वतःचा इतिहास वेगळं सांगतो. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा एएवर मोठा लेख आला. त्या वेळी सभासद होते सुमारे दोन हजार. वर्ष सरता सरता ते आठ हजारांवर गेले. लेख लिहिणारा एएचा सभासद नव्हता. सभासदांनी नावं झाकून ठेवली, काम उघड करून दाखवलं आणि पत्ता जगाला कळवला तो बाहेरच्या माणसाने. कामाची वाटणी तेव्हाच झालेली आहे. सभासदांनी गप्प राहण्याला कारण आहे; आपल्याला ते नाही.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूने येतो: हे ख्रिश्चनांचं आहे. मुंबईत आणि गोव्यात पुष्कळ मीटिंगा चर्चच्या आवारात भरत आल्या, दारू सोडण्यासाठी एए सांगतं त्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, त्यामुळे हा समज पसरला. चर्चने खोली दिली हे त्यांच्या पदरी पुण्यच आहे. देवळांनी, बुद्धविहारांनी, समाजमंदिरांनी तेवढं केलं असतं तर हा समज उभाच राहिला नसता. पायऱ्यांमधला ईश्वर ज्याला जसा कळेल तसा घ्यायचा असतो. काहीजण तर समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात आणि त्यावर त्यांचं काम भागतं.

आणि आपल्याकडे माळ आहे, असंही कोणी म्हणेल. म्हणणं खरं आहे. पंढरीची माळ घालून दारू सुटलेली माणसं प्रत्येक गावात दाखवता येतील. गाडगेबाबांनी कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. नागपूर-भंडारा भागात बाबा जुमदेवजींच्या सेवकांनी हजारो घरांतून दारू बाहेर काढली. माझा या कशालाही विरोध नाही. उलट मला दिसतं ते असं, की जिथे माळ टिकली तिथे माळेबरोबर दिंडी होती, एकादशी होती, गुरुवारचं भजन होतं, ‘माऊली’ म्हणून दारात हाक मारणारं माणूस होतं. जिथे नुसती माळ होती, संगत नव्हती, तिथे ती खुंटीवर गेली. तुटल्यावर तर फारच वाईट; माळकऱ्याने दारू घेतली की तो पापी ठरतो आणि तोंड लपवतो. मीटिंगमध्ये घसरून परत आलेल्याला ‘स्लिप झाली’ म्हणतात आणि पहिल्या बाकावर बसवतात. एका संध्याकाळी भजन आणि दुसऱ्या संध्याकाळी मीटिंग करायला कोणाची आडकाठी आहे?

डॉक्टर मंडळींची शंका वेगळी असते: गप्पा मारून आजार बरा होतो का? 2020 साली ‘कोक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, दहा हजारांवर रुग्ण तपासून निष्कर्ष काढला की माणसाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरसच ठरतात. या निष्कर्षात एक गोष्ट दडलेली आहे. ‘जा कधीतरी मीटिंगला’ असं सांगणं वेगळं, आणि वार, वेळ, जागा सांगून, तिथल्या एका माणसाशी फोनवर गाठ घालून देणं वेगळं. परिणाम दिसतो तो दुसऱ्याचा.

डॉक्टरांचं काम मात्र मीटिंग करू शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. अशा माणसाला आधी दवाखाना हवा, मग बाक. म्हणूनच डॉक्टर आणि गट यांची ओळख हवी. दवाखान्यात लहान मुलांच्या लसीकरणाचा तक्ता लावलेला असतो. त्याच्या शेजारी गावातल्या मीटिंगचा वार-वेळ लिहिलेला कागद लावायला कुठलाही शासन-निर्णय लागत नाही. शासनाचा 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा ‘टेली-मानस’चा नंबर त्याच कागदावर बसेल.

या शोधात सगळ्यात मागे राहते ती पिणारी बाई. ‘एम्स’च्या त्याच पाहणीत पुरुषांत पिणाऱ्यांचं प्रमाण 27.3 टक्के आणि स्त्रियांत 1.6 टक्के आहे. टक्का लहान म्हणून बायकांचा प्रश्न कोणी मोजत नाही. पण पुरुषाचा पत्ता शोधायला निदान बायको हिंडते, आई हिंडते. बाईचा पत्ता शोधायला कोण हिंडतं? घर तिला लपवतं. ती स्वतः संध्याकाळी सात वाजता वीस पुरुषांच्या वर्गात जाऊन बसेल अशी अपेक्षा धरणं निर्दयपणाचं आहे. मोठ्या शहरांत स्त्रियांच्या वेगळ्या मीटिंगा आहेत. आणि कोरोनाच्या टाळेबंदीत मीटिंगा मोबाइलवर आल्या, त्याचा आधार अशा बायकांना आणि परगावी, परदेशी एकट्या पडलेल्या मराठी माणसांना मिळाला. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. सुरुवातीला तेही पुष्कळ आहे. चहाचा कप मात्र तिथे कोणी भरून देत नाही, म्हणून मोबाइल हा पहिला उंबरठा समजावा, घर नव्हे.

न पिणाऱ्या बाईसाठीही जागा आहे, आणि तीही तिला कोणी सांगत नाही. बिलची पत्नी लोईस विल्सन हिने 1951 साली पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा सोडो न सोडो, बायको तिथे जाऊ शकते. तो सुधारल्यावरच आपलं आयुष्य सुरू होईल, ही समजूत तिथे पहिल्यांदा ढिली होते. भाजीत पुडी कालवणाऱ्या हातांना जाण्यासारखी जागा आहे ती ही.

महाराष्ट्रात दारूवर बोलणं काही कमी होत नाही. 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे. वर्धा जिल्हा 1974 पासून बंदीत आहे, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपुरात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. त्या वेळची वर्तमानपत्रं काढून पाहा. महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती आली, कोण जिंकलं, कोण हरलं, यावर रकानेच्या रकाने. जो माणूस बंदीच्या पहिल्या दिवशी थरथरत पडला असेल त्याने कुठे जायचं, यावर किती ओळी आल्या? सगळी चर्चा दुकानाच्या शटरभोवती फिरते: वर की खाली. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या दारूविरोधी उपक्रमाच्या कामात गावोगाव पिणाऱ्यांसाठी उपचारांची शिबिरंही घेतात, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. दुकान बंद करणाऱ्यांनीच पिणाऱ्यालाही विचारलं आहे.

राहिला प्रश्न ज्या गावात मीटिंगच नाही त्याचा, आणि अशी गावं बहुसंख्य आहेत. एएच्या परंपरेप्रमाणे दारू सोडण्यासाठी दोन-तीन माणसं एकत्र बसली की तो गट होतो. परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही. शेजारच्या शहरातले जुने सभासद सुरुवातीला येऊन बसतात. तेही त्यांच्या सोडण्याचाच भाग मानतात. बाकीचं आपण द्यायचं आहे. बंद होणारी खोली, कारण उघड्या पारावर कोणी बोलणार नाही. वेळ अशी, की आजूबाजूच्या वाड्यांवरच्या माणसाला शेवटची एसटी मिळेल. आणि वार कधीही न बदलणारा, गणपती असो, निवडणूक असो. कारण ज्या एका संध्याकाळी कुलूप दिसेल त्याच संध्याकाळी कोणीतरी पहिल्यांदा आलेलं असेल.

उभी बाटली, आडवी बाटली या मतदानासाठी आपल्या बायका उन्हातान्हात रांगा लावतात. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दारूचं दुकान बंद होतं. गुलाल उधळला जातो, फोटो निघतात, आणि ज्यांना सोडता येत नाही ती माणसं दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गावची वाट धरतात, रात्री अंधारात मोटरसायकलवरून परत येतात. मतदान जिंकलेल्या बायकांना माझी एकच विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेत आणखी एक विषय घ्या. शाळेची कोणती खोली, कोणता वार, किती वाजता, हे ठरवा आणि चावडीवर, दवाखान्यात, गिरणीत, स्टँडवर रंगाने लिहून घ्या. खोलीची किल्ली कोणाकडे राहील तेही ठरावात लिहा, आणि ती अशा माणसाकडे द्या जो संध्याकाळी हमखास घरी असतो.